बाळाच्या मानेला काही झालं नव्हतं

माझ्या नवऱ्याला आमची सगळी गल्ली कटकट म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं ऐकायला मी बाहेरच्या टेबलावर बसलेली असतेच. नाव दोन कारणांनी पडलं. एक म्हणजे हे कायरोप्रॅक्टर आहेत. पाठ, मान, कंबर हाताने दाबून मोकळी करतात, आणि दाबताना सांध्यातून कट असा आवाज येतो. दुसरं कारण यांचा स्वभाव. दुसरं जास्त खरं आहे.

आमचं क्लिनिक चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. कंबर धरलेल्या माणसाला जिना चढायला लावणारा हा एकच इलाजवाला असेल. आत एक लांब बाक, त्याला तोंड घालायला भोक, वर कागदाची गुंडाळी. प्रत्येक पेशंटनंतर तो कागद मी बदलते. फोन मी घेते, वेळा मी देते, आणि आतून दुखावून बाहेर आलेल्या माणसाची समजूतही मीच काढते. दुखावून म्हणजे पाठीने नव्हे, शब्दाने.

कारण असं होतं, की ट्रक चालवणारा एखादा गडी बाकावरून उठतो, मान इकडेतिकडे फिरवतो आणि खूश होऊन म्हणतो, "बसलं बघा हाड." एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण नाही. हे म्हणणार, "हाड गेलं कुठे होतं बसायला? सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. तुम्ही बोटं मोडता ना, तेच." त्या बिचाऱ्याचा चेहरा पडतो. मान मोकळी झालेली असते, पण मजा गेलेली असते. आतून तो येतो आणि माझ्याकडे असा बघतो, की जणू बुडबुडा मीच फोडला.

"अहो, त्याला वाटलं हाड बसलं तर तुमचं काय जातं?" मी कितीदा विचारलं असेल.

"माझं काही जात नाही. त्याचं जातं," हे म्हणणार, आणि पुढच्याला हाक मारणार.

याच माणसाच्या हाताखाली गोडबोल्या शिकला. हे नाव मी ठेवलेलं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. कोर्स संपवून आला तेव्हा इतका नम्र, की जिन्यात पेशंट भेटला तरी भिंतीला चिकटून वाट द्यायचा. हात चांगला होता, हेही म्हणायचे, आणि यांच्या तोंडून चांगलं निघणं म्हणजे दगडाला पाझर. पुढे तो कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि म्हणाला, "सर, आपण बाळं घ्यायला हवीत. जन्माला येताना मान पिळली जाते. जन्म म्हणजे माणसाचा पहिला अपघात."

यांनी हातातला टॉवेल बाकावर ठेवला. "तान्ह्या बाळाचा मणका निम्मा कूर्चेचा, म्हणजे मऊच असतो. त्यात तू काय सरकलेलं शोधणार?"

"पालकांना फरक पडतो, सर."

"पालकांना पडतो ना? मग पालकांना आडवं झोपव."

महिन्याभरात गोडबोल्याने मोठ्या रस्त्यावर स्वतःचं थाटलं. काचेचं दार, भिंतीवर रंगवलेले ढग, उशीएवढा छोटा बाक. हाताने बाळाला तो फारसं काही करतच नाही. त्याच्याकडे पेनासारखं एक यंत्र आहे, आत स्प्रिंग. बाळाच्या मानेजवळ टेकवायचं आणि दाबायचं. टिक असा आवाज येतो. तो आवाज यंत्राचा. पण बाहेर ढगांखाली बसलेली आजी म्हणते, "आला बाई आवाज. बसलं." पहिल्या वेळी कोणीतरी हे यांना सांगितलं तेव्हा हे त्या रात्री जेवले नाहीत. मी जेवले. मला तेव्हा वाटलं, जगात एवढ्या भानगडी आहेत, त्यात ही एक.

मग आमच्या लेकीला मुलगा झाला.

पोर गुटगुटीत, डोकं केसांनी भरलेलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा ते रडत होतं. यांनी त्याला उचललं, छातीशी घेतलं, आणि ते गप्प झालं. आता तान्ही बाळं अशी मध्येच गप्प होतात, कोणीही उचललं तरी होतात. पण आमच्या विहीणबाईंनी हात जोडायचेच बाकी ठेवले. "बघा," त्या आपल्या मुलाला, म्हणजे आमच्या जावयाला, म्हणाल्या, "हात लावला नाही तोच फरक. घरात एवढा मोठा माणूस असताना आपल्याला काय काळजी? मानेवरून जरा बोटं फिरवा ना, पाठीवरूनही."

यांनी बाळ खाली ठेवलं. ठेवलं ते ठेवलं, पुन्हा उचललं नाही. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "मी त्याला घेतलं, की तो इलाज होतो. उद्या ही बाई दहा घरी सांगेल, आजोबांनीच केलं म्हणून. मग कोणत्या तोंडाने मी नाही म्हणू?"

"अहो, आजोबा आहात तुम्ही."

"म्हणूनच," हे म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले. राग आला होता, पण बसमध्ये काय भांडायचं.

पुढे बाळाचं संध्याकाळचं रडणं सुरू झालं. दिवेलागणीला सुरू करायचं ते कोणी काहीही करा, थांबायचं नाही. मुठी वळायचं, पाय पोटाशी घ्यायचं, लालबुंद व्हायचं. मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, काही आजार नाही, काही आठवड्यांनी आपोआप कमी होईल, म्हणाले. हे ऐकायला छान. पण त्या संध्याकाळी काढायच्या कोणी? जावई कामावरून उशिरा येणार, विहीणबाई शेजारच्या खोलीतून सल्ले देणार, आणि आमची लेक पोराला खांद्यावर टाकून स्वयंपाकघर ते दरवाजा, दरवाजा ते स्वयंपाकघर. तिचे केस विंचरलेले मी तेव्हा पाहिलेच नाहीत.

एका संध्याकाळी ती बाळाला घेऊन क्लिनिकचा जिना चढून आली. बाहेर माझ्यासमोर दोघं पेशंट बसले होते. ती सरळ आत गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

"बाबा, जरा बघा ना याला. फक्त बघा."

यांनी हात पाठीमागे बांधले. खरंच बांधले, शाळेतल्या मास्तरांसारखे. वाकून बाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मानेला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना? रडतं म्हणूनच बाळ. थांबेल आपोआप."

"कधी?"

"थांबेल तेव्हा थांबेल." आणि दाराकडे बघून, "पुढचे या."

पुढचा उठला. लेक बाहेर आली. मी म्हटलं, थांब गं, चहा टाकते, बाळाला मी घेते. पण तिचे डोळे भरलेले होते आणि अनोळखी माणसं बघत होती, ती थांबली नाही. रडणाऱ्या बाळाचा आवाज जिन्याने खाली गेला, चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू येत राहिला. मी आत जाऊन यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेशंट बाकावर पालथा पडलेला होता, त्याने भोकातून सगळं ऐकलं.

"मी खोटं काय बोललो?" हे विचारत होते. काहीच नाही. शब्दन् शब्द खरा होता.

पिकतं तिथे विकत नाही, आणि आमच्या घरात तर पिकवणाराच विकायला तयार नव्हता. लेक गोडबोल्याकडे गेली. आम्हाला न सांगता, जावई आणि विहीणबाईंबरोबर. त्याने काय केलं असेल? दारातून आत घेतलं. बसायला दिलं. बाळाला हातात घेऊन म्हणाला, "किती सोसलंय हो याने. आणि तुम्ही पण." झालं. आमची लेक तिथे बसून ढसाढसा रडली, असं तिनेच नंतर सांगितलं. मग मानेला टिक, पाठीला टिक, आणि पुढच्या बैठकीची वेळ.

पहिल्या बैठकीनंतर रडणं तसंच. दुसऱ्या बैठकीनंतर मात्र बाळ झोपलं. संध्याकाळ आली, दिवे लागले, बाळ झोपलेलंच. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी आनंदाने मला फोन केला. "रागावू नका, पण तुमच्या त्या शिष्याने करून दाखवलं. रात्रीपासून कसं शांत झोपलंय. दुधाला उठवलं तरी उठत नाही, इतकं सैल पडलंय अंग."

मी फोनवर हसले. खरंच हसले, मला बरं वाटलं, लेकीला झोप मिळाली म्हणून. फोन ठेवून यांना सांगितलं आणि वाटलं, आता गोडबोल्याच्या नावाने शंख होणार. पण यांनी त्याचं नावही घेतलं नाही. "दुधाला उठत नाही?" एवढंच विचारलं आणि बाकावरच्या पेशंटला तसंच ठेवून जिना उतरले. मी क्लिनिकचं दार ओढून मागे धावले.

लेकीच्या घरी सगळे हलक्या आवाजात बोलत होते. बाळ पाळण्यात. मी लंगोट बघितला, कोरडा. त्या पहिल्या भेटीनंतर यांनी आज प्रथमच त्याला हात लावला. कपाळाला, मग छातीला.

"हे तापलंय."

"ते होतं म्हणे," जावई म्हणाला. "आम्ही सकाळीच फोन करून विचारलं त्यांना. ते म्हणाले, अंगातला ताण सुटतोय, त्याची उष्णता आहे. झोपू द्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मी त्या क्षणी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर बघितलं. एरवी बारीकसारीक गोष्टींवर आरडाओरडा करणारा हा माणूस. तेव्हा आवाज इतका खाली गेला, की विहीणबाईंना पुढे वाकावं लागलं. "एवढ्या लहान बाळाला ताप आला की झोपू द्यायचं नसतं. दवाखान्यात न्यायचं असतं. आत्ता." त्या म्हणायला लागल्या, अहो, मोडेल त्याची झोप, इतक्या दिवसांनी लागलीय. लेकीने मात्र बाळाला उचललं आणि चप्पल न घालता दाराबाहेर पडली. बाळाची मान तिच्या दंडावरून लोंबली तरी ते कुरकुरलं नाही. तेव्हा ती किंचाळली.

दवाखान्यात कोणी वेळ घालवला नाही. त्या इवल्याशा हातात सुई, नाकाला नळी, लघवी तपासायला, रक्त तपासायला. मग एक डॉक्टरीण बाई येऊन म्हणाल्या, संसर्ग डोक्यापर्यंत गेलाय का बघायला पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागेल. आम्हाला बाहेर बसवलं. हे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना माहीत होतं आत काय करतात: बाळाला कुशीवर घेतात, गुडघे आणि हनुवटी जवळ आणून दुमडून धरतात, आणि दोन मणक्यांच्या मधे सुई घालतात. आयुष्यभर लोकांच्या पाठी बोटांनी वाचलेला माणूस, त्या एका पाठीसाठी त्याच्या हातात काही नव्हतं. आतून बारीक रडू आलं.

लघवीतला संसर्ग होता, रक्तात उतरलेला. डोक्यापर्यंत गेला नव्हता. आणखी उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टरीण बाई थांबल्या आणि लेकीकडे बघून पुढचं बोलल्या नाहीत. पोराने औषधाला दाद दिली. हळूहळू दूध ओढायला लागलं.

आणि विहीणबाई काय म्हणाल्या असतील? दवाखान्याच्या त्या पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "हाडं आधीच बसवून घेतली होती, म्हणून एवढं दुखणं झेपलं हो पोराला." मी पाण्याची बाटली हातात धरून उभी होते. ती मी त्यांच्या डोक्यात घातली नाही, हे माझं आयुष्यातलं मोठं काम समजा.

बाळ धोक्याबाहेर आल्यावर हे गोडबोल्याकडे गेले. मी सोबत गेले. यांना एकटं सोडण्याची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही दोन शब्द ऐकवायचे होते. ढगांखाली आया बसल्या होत्या, मांडीवर बाळं. गोडबोल्या लगबगीने बाहेर आला, यांच्या पाया पडायलाच निघाला होता. हे मागे सरले.

"सर, मला कळलं. मला फार वाईट वाटलं. पण सर, तुम्हीच सांगा, ताप माझ्यामुळे आला का? यंत्र सगळ्यात हलकं ठेवलं होतं."

"नाही. तुझ्यामुळे नाही आला."

"मग?"

"तुला फोन केला होता त्यांनी. तू म्हणालास झोपू द्या."

"सर, बऱ्याच बाळांना सुस्ती येते, आणि मग ती बरी..."

"तू म्हणालास झोपू द्या," हे पुन्हा म्हणाले. मग बसलेल्या बायांकडे वळून मोठ्यांदा सांगू लागले, की बाळाला ताप आला, दूध सोडलं, तर इथे फोन करू नका, दवाखाना गाठा, हा माणूस डॉक्टर नाही, मीही नाही. एवढ्यात जवळची एक बाई तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "काका, जरा हळू. आत्ताच झोपलंय माझं."

मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्या थकलेल्या पोरींना माझा नवरा म्हणजे कुठून तरी घुसलेला एक तापट म्हातारा होता. गोडबोल्याने त्यांची माफी मागितली, तीही गोड आवाजात, आणि पुढच्या बाळाला आत घेतलं. आम्ही जिथे करायची तिथे तक्रार केली आहे. तिचं काय व्हायचं ते होईल. बाहेर फुटपाथवर आलो तर आतून टिक ऐकू आलं. काचेचं दार पातळ होतं.

बाळ घरी आलं त्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही संध्याकाळी लेकीकडे गेलो. दिवे लागले आणि पोराने पुन्हा सूर लावला. तेच रडणं, मुठी वळून, पाय पोटाशी घेऊन. डॉक्टरांना विचारून झालं होतं. आजार गेला होता, हे रडणं जुनंच होतं. जावई कामावर. विहीणबाई सोफ्यावर. लेक पोराला घेऊन फेऱ्या मारत होती, आणि आमचे कटकट खुर्चीत बसून म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. मानेला काही झालेलं नाही, आपोआप थांबेल. ऐकलं असतंस तर..."

लेक थांबली.

"बाबा, तुम्ही तेव्हा काय सांगितलंत ते मला पाठ आहे. पुढचे या, असं सांगितलंत."

हे खुर्चीत सरळ झाले.

"मला माहीत होतं हो मानेला काही झालं नाही ते. तुमची मुलगी आहे मी. बुडबुड्याचं ऐकत मोठी झाले. तुम्ही त्याला नुसतं दहा मिनिटं घेऊन बसला असतात, मी बाकावर आडवी झाले असते, आणि घरी गेले असते. त्या माणसाने विचारलं, तुम्ही जेवलात का. तुम्ही हात मागे बांधलेत."

विहीणबाई मधे काही म्हणायला गेल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी तोंड मिटलं.

मला वाटलं हे भांडतील. सत्य, तत्त्व, लोकांना काय वाटेल, सगळं बाहेर काढतील. मी लेकीच्या बाजूने उभी राहायला तयार होते. इतकी वर्षं बाहेरच्या टेबलावर बसून लोकांच्या समजुती काढल्या, आता मला कोणाची समजूत काढायची नव्हती. यांची तर मुळीच नाही. पण हे खुर्चीतून उठले आणि दोन्ही हात पुढे केले.

लेकीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि सोफ्यावर जाऊन बसली. बसल्या बसल्या कलंडली.

बाळ रडत राहिलं. यांच्या कानाशीच रडत होतं. यांच्या हाताने ते गप्प झालं नाही, अजिबात नाही, आणि विहीणबाई ते डोळे विस्फारून बघत होत्या. हे खोलीच्या मधोमध ताठ उभे होते, जणू काचेचं भांडं धरलंय. हजारो माना या हातांखालून गेल्या असतील. एवढीशी मान यांच्या मनगटावरून मागे कलली आणि यांना कळलंच नाही.

"अहो, मान धरा त्याची," मी ओरडले. "मान धरा."